सर्व्हर वाढवले तरी साइट का पडते? लोड बॅलन्सिंगमधला खरा प्रश्न

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशीची दुपार. फराळ उरकून लोक मोबाईल घेऊन बसले आणि स्नॅपचॅट उघडेना, कॅनव्हा लटकलं, पर्प्लेक्सिटी गप्प, ड्युओलिंगो बंद. ‘माझंच नेट गेलंय का’ म्हणून अनेकांनी वायफाय बंद-चालू करून पाहिलं असेल. तुमच्या वायफायचा काही दोष नव्हता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉनच्या क्लाऊडचा, म्हणजे एडब्ल्यूएसचा, जो सगळ्यात जुना आणि मोठा विभाग आहे, तिथे आपल्या वेळेप्रमाणे दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी गडबड सुरू झाली होती.

बातम्यांमध्ये याचं कारण ‘डीएनएस’ असं एका शब्दात आलं. ते खरं आहे, पण अर्धंच. डायनॅमोडीबी नावाच्या डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणारी नोंद दोन ऑटोमॅटिक प्रोग्रॅमच्या धावपळीत रिकामी झाली. तो भाग दुपारी तीनच्या आत दुरुस्तही झाला. मग रात्रीपर्यंत लोक का अडकले होते? कंपनीने नंतर जो सविस्तर अहवाल दिला, त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग इथेच आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला लोड बॅलन्सरनेच धडधाकट यंत्रणा कामावरून काढायला सुरुवात केली.

मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो. ‘साइट पडली, सर्व्हर वाढवा’ हे वाक्य मी ऑफिसात, बातम्यांत आणि घरच्या जेवणाच्या टेबलावरही ऐकलंय. २०२५ या एका वर्षात अकरावी प्रवेशाचं पोर्टल, यूपीआय, तत्काळ तिकिटं आणि आता ही क्लाऊडची पडझड हे सगळं पाहिलं, तर किती सर्व्हर आहेत यापेक्षा आलेली गर्दी त्यांच्यात कशी वाटली जाते, आणि कोणाला दारातच थांबवलं जातं, हा प्रश्न मोठा आहे.

कुठली खिडकी द्यायची?

दादरच्या तिकीट काउंटरसमोर उभे आहात असं समजा. दहा खिडक्या आहेत आणि दारात एक माणूस उभा राहून प्रत्येकाला ‘तुम्ही तिकडे, तुम्ही इकडे’ असं सांगतोय. तो माणूस म्हणजे लोड बॅलन्सर, खिडक्या म्हणजे सर्व्हर.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे राउंड रॉबिन. पहिला माणूस पहिल्या खिडकीला, दुसरा दुसऱ्या, अकरावा परत पहिल्या. एन्जिनएक्स हे लोकप्रिय सॉफ्टवेअर तुम्ही काही वेगळं सांगितलं नाही तर हेच करतं. सगळी कामं साधारण सारख्या वेळाची असतील तर यात काही वाईट नाही. पण एकाला ठाण्याचं साधं तिकीट हवंय आणि दुसऱ्याला चार जणांचे सीझन पास काढायचेत, तर एका खिडकीवर रांग तुंबते आणि शेजारची रिकामी राहते.

म्हणून लीस्ट कनेक्शन: जिथे रांग सगळ्यात छोटी तिथे पाठव. ऐकायला हीच आदर्श पद्धत वाटते. मुलाखतीत बहुतेक फ्रेशर हेच उत्तर देतात. हिच्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की एखादा सर्व्हर बिघडलाय आणि काम न करताच झटपट एरर देतोय, तर त्याची रांग कायम रिकामी दिसते. मग बॅलन्सर अजून माणसं तिकडेच ढकलतो. दहातला एक सर्व्हर बिघडलेला, पण निम्म्याहून जास्त लोकांना एरर, असा प्रकार त्यातून होतो. दुसरा खळगा मोठ्या साइटवरचा. तिथे दारात एक माणूस नसतो, पन्नास असतात. प्रत्येकाजवळची माहिती क्षणभर जुनी. पन्नासही जणांना एकाच वेळी ‘सात नंबर रिकामी’ असं दिसतं आणि पन्नासही जण आपापली माणसं सातकडे पाठवतात.

यावरचा उपाय मला आजही गंमतशीर वाटतो. सगळ्या खिडक्या पाहूच नका. कुठल्याही दोन उचला आणि त्यातल्या छोट्या रांगेत पाठवा. बस्स. १९९० च्या दशकात संगणकशास्त्रातल्या लोकांनी गणिताने दाखवून दिलं की निव्वळ चिठ्ठी टाकून एक खिडकी निवडण्याऐवजी दोन पाहून एक निवडली, तर सगळ्यात लांब रांगेची लांबी प्रचंड घटते. तीन, चार, पाच पाहिल्या तर त्यापुढे फायदा थोडाच वाढतो. पहिली मोठी उडी एकवरून दोनवर जाताना मिळते. एन्व्हॉय नावाचा प्रॉक्सी लीस्ट रिक्वेस्ट निवडल्यावर मुळात हेच करतो. सगळ्या खिडक्या न पाहिल्यामुळे पन्नास जण एकाच ठिकाणी तुटून पडत नाहीत. मला निवड करायला सांगितली, तर साध्या वेब ॲपसाठी मी डोळे झाकून इथूनच सुरुवात करेन.

आणखी एक निवड असते ती म्हणजे पाकीट उघडून बघायचं की नाही. टपाल छाटणारा माणूस फक्त पिनकोड बघून पिशवीत टाकतो, आत काय लिहिलंय ते वाचत नाही. लेयर ४ बॅलन्सर तसाच, फक्त आयपी पत्ता आणि पोर्ट बघतो. झपाट्याने काम होतं. लेयर ७ बॅलन्सर पाकीट उघडतो: ही विनंती लॉगिनची आहे, ही फोटोची, ही पेमेंटची. उघडायला वेळ लागतो, पण त्यामुळे पेमेंटला वेगळे, राखीव सर्व्हर देता येतात. मोठ्या कंपन्या दोन्ही एकामागे एक लावतात. गुगलने २०१६ मध्ये मॅग्लेव्ह नावाच्या आपल्या लेयर ४ बॅलन्सरची माहिती जाहीर केली. तो खास महागड्या पेटीत नाही तर साध्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे, आणि त्याच्या मागे पाकीट उघडणारी दुसरी फळी असते.

त्यात वापरलेली कन्सिस्टंट हॅशिंगची कल्पनाही समजून घेण्यासारखी आहे. समजा युझरच्या नंबरला दहाने भागून जी बाकी उरते तो त्याचा सर्व्हर. आता एक सर्व्हर गेला, उरले नऊ. नऊने भागल्यावर जवळपास नव्वद टक्के लोकांचा सर्व्हर बदलतो! ज्यांचा सर्व्हर ठणठणीत होता तेही उगाच हलतात, त्यांची तात्पुरती साठवलेली माहिती वाया जाते आणि सगळा भार डेटाबेसवर आदळतो. कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये गेलेल्या सर्व्हरचेच, म्हणजे साधारण दहा टक्के लोक, हलतात.

हजेरी घेणाराच चुकला तर

आता परत २० ऑक्टोबरकडे. बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारत असतो, ‘आहेस का?’ याला हेल्थ चेक म्हणतात. उत्तर आलं नाही की त्याला यादीतून काढायचं, आलं की परत घ्यायचं. एडब्ल्यूएसमध्ये त्या दिवशी ही तपासणी करणाऱ्या यंत्रणेत नवीन मशीन कामाला लागली, पण त्यांचं नेटवर्क अजून पूर्ण जोडलं गेलेलं नव्हतं. म्हणजे शाळेत नवीन आलेले मास्तर चुकीच्या वर्गात उभे राहून हजेरी घेतायत. ‘हजर’ ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांना गैरहजर लावतायत. पुढच्या तपासणीत उत्तर आलं की परत हजर. काढ, घाल, काढ, घाल. या सततच्या उलटसुलट बदलांनी तपासणी यंत्रणेवरच ताण आला, ती मंदावली, आणि मग सगळा विभागच खराब आहे असं समजून धडधाकट क्षमता एकगठ्ठा बाजूला टाकली गेली. जे उरले त्यांना भार पेलवेना.

साधा हिशोब करा. दहा सर्व्हर आहेत आणि प्रत्येक ८० टक्के भरलेला. दोन काढले तर उरलेले आठ १०० टक्क्यांवर. तीन काढले तर उरलेले सात ११४ टक्क्यांवर, म्हणजे तेही धापा टाकणार, हेल्थ चेकला उशिरा उत्तर देणार आणि त्यांनाही काढलं जाणार. खरा बिघाड तीन सर्व्हरचा, पण थोड्या वेळात दहाच्या दहा गेलेले.

त्या रात्री इंजिनिअरांनी काय केलं? आपल्या वेळेप्रमाणे १० वाजून ६ मिनिटांनी त्यांनी या नेटवर्क लोड बॅलन्सरचं हे आपोआप बाजूला टाकणं बंद केलं. बाजूला टाकलेली चांगली क्षमता परत कामाला लागली आणि कनेक्शनच्या चुका कमी होऊ लागल्या. नंतर कंपनीने सांगितलं की एक बॅलन्सर एका झटक्यात किती क्षमता काढू शकेल यावर मर्यादा घालणार. एन्व्हॉयमध्ये अशी सोय आधीपासून आहे: निम्म्याहून जास्त सर्व्हर आजारी दिसायला लागले, तर तो तपासणीवरच अविश्वास दाखवतो आणि सगळ्यांना काम वाटायला लागतो. शहाणपण आहे त्यात. वर्गातली दोन मुलं गैरहजर असतील, पण चाळीसपैकी पस्तीस गैरहजर दिसत असतील तर मास्तरांनी आधी वर्गाची पाटी वाचावी.

इथे एक गोष्ट पटकन सांगतो. १८ नोव्हेंबरला क्लाऊडफ्लेअर पडलं, तेव्हा एक्स आणि चॅटजीपीटीसकट बरंच काही अडकलं. तिथे बॉट ओळखण्यासाठी लागणारी एक फाईल अपेक्षेपेक्षा दुप्पट मोठी झाली आणि ती वाचणारा प्रोग्रॅम कोसळला. ती फाईल जगभरच्या सगळ्या सर्व्हरवर जाते. सगळ्यांनी एकच नासकं दूध प्यायलं असेल, तर रांग कशीही वाटा, पोट सगळ्यांचंच बिघडणार. लोड बॅलन्सिंगचा तिथे उपयोग शून्य.

‘पैसे गेले का?’ हा प्रश्न हजार वेळा

यूपीआयचं उदाहरण आपल्या रोजच्या जगण्यातलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. महिन्याच्या सेकंदांनी भागलं तर सरासरी दर सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास, आणि संध्याकाळी दुकानात गर्दी असते तेव्हा अर्थातच त्याहून बरेच जास्त. १२ एप्रिलला हीच यूपीआय बराच वेळ कोलमडली. पेट्रोल पंपावर, हॉटेलात, रिक्षात लोक ‘प्रोसेसिंग’चं चक्र बघत उभे राहिले.

एनपीसीआयच्या तपासणीत जे समोर आलं ते असं: बँकांकडून ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ असं विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला होता. काही तर जुन्या व्यवहारांबद्दल पुन्हा पुन्हा विचारत होत्या. नवीन पेमेंटची गर्दी नव्हे, चौकशीची गर्दी. डॉक्टरकडे पेशंट चारच, पण प्रत्येकाचे दहा नातेवाईक दर मिनिटाला दार वाजवून विचारतायत, ‘नंबर कधी?’ डॉक्टरला तपासायला वेळच मिळत नाही.

हा रिट्रायचा गुणाकार भयंकर असतो. तुमचं ॲप उत्तर न आल्यास तीनदा प्रयत्न करतं. त्याच्या मागची सेवा प्रत्येक वेळी तीनदा. त्याच्या मागची अजून तीनदा. तुम्ही बटण एकदा दाबलंत, पण सगळ्यात मागे बिचाऱ्या डेटाबेसवर २७ धक्के. आणि हे नेमकं तेव्हाच होतं जेव्हा तो आधीच दमलेला असतो. कुठलीही वाटप पद्धत लावा, राउंड रॉबिन, दोनातून एक, काहीही, सत्तावीसपट भार नीट वाटून सगळ्या सर्व्हरना समसमान मारण्यापलीकडे ती काही करू शकत नाही.

म्हणून एनपीसीआयने उत्तर शोधलं ते विचारणाऱ्यांवर बंधनं घालण्याचं. व्यवहाराची स्थिती विचारायची तर आधी ९० सेकंद थांबा, आणि मोजून तीन वेळाच. १ ऑगस्टपासून एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. ऑटोपेची वसुली गर्दीच्या तासांबाहेर. सोशल मीडियावर ‘आता बॅलन्स बघायलाही बंदी’ म्हणून मीम फिरले. मला तरी हा निर्णय बरोबर वाटतो. पन्नास वेळा बॅलन्स बघणारा माणूस माझ्या ओळखीत नाही, पण माणसाच्या नकळत बॅकग्राऊंडला बॅलन्स विचारत बसणारी ॲप मात्र असतात.

अकरावीचं पोर्टल आणि दहा वाजताची तत्काळ

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे. २०२५ ला पहिल्यांदाच संपूर्ण महाराष्ट्रासाठी अकरावीचे प्रवेश एकाच पोर्टलवर आणले गेले. आधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा भागांपुरती होती. दहावीला साडेचौदा लाखांहून जास्त मुलं पास झालेली. २१ मेला नोंदणी सुरू होणार होती. पोर्टल पहिल्याच दिवशी पडलं आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. त्या पाच दिवसांत गावोगावच्या सायबर कॅफेबाहेर मुलं आणि पालक ताटकळले. ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही, ज्यांनी एका दिवसाची मजुरी बुडवून मुलीला तालुक्याला आणलं, त्यांना ‘तांत्रिक अडचण’ हे दोन शब्द किती महाग पडतात ते शहरात बसून कळत नाही.

निकालाचा दिवस आणि नोंदणीचा दिवस यांत फरक करायला हवा. निकाल म्हणजे फक्त वाचणं. एका सीट नंबरचं उत्तर कधी बदलत नाही. ते आधीच तयार करून डिजिलॉकरसकट अनेक ठिकाणी ठेवता येतं, कुठूनही उचला. नोंदणी म्हणजे लिहिणं: फॉर्म, कागदपत्रं, फी, ओटीपी. प्रत्येक पायरी डेटाबेसमध्ये नोंदवावी लागते, आणि समोर कितीही सर्व्हर उभे केले तरी मागे तो डेटाबेस बहुतेकदा एकच असतो. पुढे दहा खिडक्या, मागे शिक्का मारणारा साहेब एक. त्यात जर युझरची अर्धवट माहिती त्या-त्या सर्व्हरच्याच मेमरीत ठेवली असेल, तर त्याला प्रत्येक वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवावं लागतं. याला स्टिकी सेशन म्हणतात. तो सर्व्हर पडला की अर्धा भरलेला फॉर्म गेला, ‘पुन्हा लॉगिन करा’. म्हणून नवीन पोर्टल बांधणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारेन तो कुठला अल्गोरिदम हा नसेल, सेशन कुठे ठेवलंय हा असेल. ते बाहेर, सगळ्यांना पोहोचेल अशा जागी ठेवलं असेल तर कुठलाही सर्व्हर कुणाचंही काम पुढे नेऊ शकतो.

आणि यातली सगळ्यात स्वस्त युक्ती तर कोडमध्ये नाहीच. अकरावीचे प्रवेश गुणवत्तेवर होतात. पहिल्या मिनिटाला अर्ज भरणाऱ्याला शेवटच्या दिवशी भरणाऱ्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. मग राज्यभरातल्या मुलांना एकाच क्षणी दार का उघडायचं? राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. आज कोकण आणि कोल्हापूर, उद्या लातूर आणि नाशिक, असं करता आलं असतं. हेही लोड बॅलन्सिंगच आहे, फक्त सर्व्हरवर नाही तर कॅलेंडरवर.

तत्काळ तिकिटाला हा उपाय लागू होत नाही, कारण तिथे आधी येणाऱ्याला आधी मिळतं. एसीचं १० वाजता, नॉन-एसीचं ११ वाजता. २२ मे २०२५ ला सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, हा आयआरसीटीसीचा विक्रम आहे. म्हणजे यंत्रणा अगदीच दुबळी नाही. पण रेल्वेने हेही सांगितलं की तत्काळ उघडल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत बॉट असायचे. म्हणजे क्षमता दुप्पट केली असती तर त्यातली निम्मी दलालांच्या स्क्रिप्टला गेली असती! रेल्वेने अडीच कोटी युझर आयडी बंद केले, १ जुलैपासून आधार पडताळलेल्या खात्यांनाच ऑनलाइन तत्काळ ठेवलं आणि एजंटांना पहिला अर्धा तास बाहेर ठेवलं. आधार सक्तीबद्दल वेगळे आक्षेप असू शकतात, आणि ते असायलाही हवेत. पण गर्दीत माणूस कोण आणि मशीन कोण हे दारातच ठरवणं, हा या भागातला सगळ्यात परिणामकारक निर्णय आहे असं माझं मत.

गर्दी बघून सर्व्हर वाढवू, तोवर मॅच संपते

‘ऑटोस्केलिंग लावा ना’ असं कुणी तरी म्हणणारच. गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात, छान. पण नवीन सर्व्हर उभा राहून कामाला लागायला मिनिटं लागतात आणि गर्दी सेकंदांत येते. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख लोक होते. हॉटस्टारच्या इंजिनिअरांनी आपल्या कामाबद्दल सांगितलंय, त्यात दोन गोष्टी लक्षात राहण्यासारख्या आहेत. ते तयार ऑटोस्केलिंगवर विसंबून राहत नाहीत, प्रेक्षकसंख्येचे टप्पे ठरवून गर्दी येण्याआधीच सर्व्हर वाढवतात. आणि त्यांना भीती फक्त गर्दी येण्याची नसते, ती एकदम जाण्याचीही असते. २०१९ च्या सेमीफायनलला धोनी रनआउट झाला, तेव्हा लोकांनी व्हिडिओतून मागे जायचं बटण दाबलं. व्हिडिओचा भार उतरला, पण मागे गेल्यावर होमपेज उघडतं, आणि ते सगळं ओझं अचानक होमपेजच्या सर्व्हरवर. अशा वेळी ते ‘तुमच्यासाठी निवडक’सारख्या सेवा सरळ बंद करतात. शिफारशी दिसल्या नाहीत तर कुणी मरत नाही, मॅच दिसली पाहिजे.

हीच निवड सरकारी पोर्टलमध्ये सहसा केलेली दिसत नाही. पडायला लागल्यावर लॉगिन, बातम्यांची सरकती पट्टी, मंत्र्यांचा फोटो आणि फॉर्म सगळं बरोबरच पडतं. फॉर्म आणि फी एवढंच जिवंत ठेवून बाकी सगळं बंद करता येईल अशी कळ हवी. आणि क्षमतेच्या पलीकडे गर्दी झाली तर ‘तुमचा नंबर ४१,२०७, अंदाजे २५ मिनिटं’ असं सांगणारी वेटिंग रूम हवी. शिर्डीत दर्शनाचा टाइम स्लॉट मिळाला की माणूस मग निवांत चहा प्यायला जातो, कारण आपला नंबर हरवणार नाही हे त्याला माहीत असतं. पांढऱ्या स्क्रीनसमोर मात्र तो रिफ्रेश मारत राहतो, आणि प्रत्येक रिफ्रेश ही नवीन विनंती असते, तर जुनी अजून आत कुठेतरी उत्तराची वाट बघत सर्व्हर अडवून बसलेली.

तेव्हा पुढच्या वेळी पेमेंट अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका, दीड-दोन मिनिटं थांबून हिस्टरी बघा. पोर्टलवर फॉर्म भरताना प्रत्येक पानाला ‘सेव्ह’ दाबा आणि पाच टॅब उघडू नका. सगळे टॅब मिळून रांगेत तुमची जागा पुढे सरकत नाही, फक्त रांग पाच माणसांनी वाढते.